बारावी कुठल्या राज्यातून करावी? नागपूर, छिंदवाडा की हैदराबाद?

मंजिरी_रेशीमबाग
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा नागपुरात दहावी झाली. राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. गणिताच्या दोन्ही भागांत छान गुण आहेत, भूमिती तर आवडीचीच. आता अकरावी तोंडावर आहे आणि नेमकी ह्यांची छिंदवाड्याला बदली झाली. सरकारी बँक, त्यामुळे हो-नाही करायची सोय नाही. तीनेक वर्षं तरी तिकडेच.

एक म्हणजे तिला आजीजवळ नागपुरातच ठेवायचं आणि इथून बारावी करायची. दुसरं म्हणजे सगळ्यांनीच छिंदवाड्याला जायचं, तिथे एमपी बोर्ड किंवा सीबीएसई. त्यात माझी बहीण हैदराबादला असते. ती म्हणते, "इकडे पाठव, एमपीसीला (मॅथ्स-फिजिक्स-केमिस्ट्री) टाकू, गणित कसं करतात ते तरी कळेल तिला." इंजिनिअरिंगला जायचंय एवढं नक्की आहे. देशपातळीची जेईई की आपल्या राज्याची सीईटी, ते अजून ठरलं नाही.

मला समजून घ्यायचंय की या तिन्ही ठिकाणी बारावीच्या गणितात खरा फरक काय आहे. कोणी दोन राज्यांत शिकलंय का?

बे_एके_बे
काहून जाता ताई छिंदवाड्याले? पोट्टी हुशार हाय तं आजीजवळ राहू द्या ना बाप्पा. वडिलांची बदली झाली म्हणून पोरीची काहून बदली करता?

सौंसरवाला
बे_एके_बे भाऊ, छिंदवाडा म्हणजे काय लंडन आहे का? सवाशे किलोमीटर. इतवारीहून गाडी आहे, बसेस तर दिवसभर. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे घरोघरी मराठी बोलतात, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता दोन्ही नागपूरलाच. सविस्तर रात्री लिहितो.

इंटीग्रल_काका
मंजिरीताई, निवृत्त होईपर्यंत कनिष्ठ महाविद्यालयात गणितच शिकवलं, तेव्हा अभ्यासक्रमापुरतं मी सांगतो. बाकीचं इतर लोक सांगतीलच.

आपलं आत्ताचं बारावीचं पुस्तक २०२०-२१ पासूनचं. पहिल्या भागात मॅथेमॅटिकल लॉजिक, मॅट्रिसेस, त्रिकोणमिती, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, व्हेक्टर्स, लाइन अँड प्लेन आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग. दुसऱ्या भागात डेरिव्हेटिव्हपासून डिफरन्शियल इक्वेशनपर्यंत सगळं कॅल्क्युलस, शेवटी प्रोबॅबिलिटी आणि बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन.

मध्य प्रदेश बोर्ड केंद्राच्या एनसीईआरटीची पुस्तकं वापरतं, म्हणजे गणितात एमपी बोर्ड आणि सीबीएसई यांचं पुस्तक एकच. एनसीईआरटीने २०२३ मध्ये पुस्तकांना कात्री लावली. बारावीतून प्लेन गेलं, रोल आणि लॅग्रांजची प्रमेयं गेली, टँजंट-नॉर्मल गेले, बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन गेलं. अकरावीतून इंडक्शन आणि मॅथेमॅटिकल रीझनिंग गेलं. आपल्याकडे हे सगळं अजून आहे. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स तर एनसीईआरटीत नाहीच. उलट बाजूनेही थोडं आहे. रिलेशन्स आणि फंक्शन्स, डिटरमिनंट, बेजचं प्रमेय हे तिकडे बारावीत येतं, आपण ते अकरावीत उरकतो.

म्हणजे यादी लावली तर महाराष्ट्राची लांब. पण यादी लांब म्हणजे गणित कठीण, असं समजू नका. आपल्या बोर्डाच्या पेपरात पुस्तकातलीच उदाहरणं आकडे बदलून येतात, कधी आकडेही तेच असतात. ८० गुणांचा पेपर. १६ गुण बहुपर्यायीचे, ४ एकेका गुणाचे, पुढे दोन, तीन आणि चार गुणांची उदाहरणं, तीही भरपूर पर्यायांसह. चार गुणांच्या आठांपैकी पाच सोडवायची. जो मुलगा पुस्तक दोनदा नीट सोडवतो त्याचे ७० कुठे जात नाहीत. एनसीईआरटीत संकीर्ण उदाहरणांना जरा विचार लागतो. भूमिती आवडणाऱ्या मुलीला आपलं पहिल्या भागाचं पुस्तक आवडेल असं मला वाटतं.

ऑप्शन_सी
काका, ७० + प्रॅक्टिकलचे २० 😄

इंटीग्रल_काका
प्रॅक्टिकलचे २० फुकट नसतात रे बाबा. जर्नल लिहावं लागतं.

ऑप्शन_सी
लिहिलं ना काका. मित्राचं बघून लिहिलं. गणिताचं प्रॅक्टिकल म्हणजे नेमकं काय करायचं असतं ते मला कॉलेज संपलं तरी कळलं नाही.

गणितवाली_काकू
ऑप्शन_सीने टोमणा मारलाय पण खोटं काही नाही त्यात. आमच्या मुलाच्या कॉलेजात (नाव सांगत नाही) गणिताचं प्रॅक्टिकल एका दुपारी 'संपलं'. मूळ कल्पना वाईट नव्हती. आलेख काढा, इंटिग्रेशनने क्षेत्रफळ काढून पडताळा, लिनिअर प्रोग्रॅमिंग कागदावर रेखाटा. शिकवणारा असेल तर मजा येते. पण नागपुरात अर्धी मुलं कॉलेजात असतातच कुठे? नाव एका कॉलेजात, बसायचं धरमपेठेतल्या नाहीतर नंदनवनमधल्या क्लासमध्ये. मंजिरीताई, नागपूर की छिंदवाडा याआधी टायअप की खरं कॉलेज, हे ठरवा. माझ्या मते तो फरक जास्त मोठा आहे.

बे_एके_बे
टायअपच्या पोट्ट्याले इचारा कॉलेजचा गेट कोन्या रंगाचा हाय. नाई सांगू शकनार.

सौंसरवाला
आता सविस्तर. मी एमपी बोर्डाचा, हिंदी माध्यम, गणित समूह. आमच्याकडे अकरावीला पहिला प्रश्न 'मॅथ्स की बायो?' हाच. नागपूरच्या पोरांसारखं दोन्ही घेऊन ठेवू आणि मग बघू, असं फार कमी जण करतात. त्यामुळे अकरावीतच माणूस ठरून जातो, चांगलं म्हणा की वाईट म्हणा.

गणित पूर्ण हिंदीत लिहिता येतं, हा फार मोठा आधार होता. माझ्या वर्गात शेतकऱ्यांची पोरं होती. इंग्रजीत पेपर असता तर त्यातली निम्मी गणितात नाही, भाषेत नापास झाली असती. महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोरगं अकरावी सायन्सला एकदम इंग्रजीत पडतं, ते मला नेहमी कठोर वाटतं. ताईंच्या मुलीचं सेमी आहे, तिला तो प्रश्न नाही.

पेपरात वस्तुनिष्ठ प्रश्न भरपूर. योग्य पर्याय, रिकाम्या जागा, जोड्या लावा, सत्य-असत्य. पास व्हायला ३३ टक्के. माझ्या वेळी नापास झालात तर 'रुक जाना नहीं' होतं. राज्य मुक्त शाळेची योजना, २०१६ पासूनची, त्याच वर्षी पुन्हा परीक्षा देऊन पास होता यायचं. आणि ७५ टक्क्यांच्या वर गेलात तर सरकार लॅपटॉपसाठी २५ हजार देतं. माझा पहिला लॅपटॉप त्यातलाच.

पण एमपीत इंजिनिअरिंगला राज्याची वेगळी सीईटी नाही. मुख्यतः जेईई मेनच्या गुणांवर काउन्सेलिंग. त्यामुळे तिथल्या चांगल्या पोराचं लक्ष बोर्डावर कमी आणि जेईईवर जास्त असतं. नागपूरच्या पोरांना सीईटीची उशी असते, आम्हाला नव्हती.

ऑप्शन_सी
उशी 😂 दादा, या एकदा सीईटीला. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, एकेक प्रश्न दोन गुणांचा. निगेटिव्ह नाही हे खरं, म्हणून तर सगळेच सगळं रंगवून येतात आणि पर्सेंटाइल असा चिकटतो की एक प्रश्न चुकला तर कॉलेज बदलतं.

पण काकांनी सांगितलं ते महत्त्वाचं आहे. सीईटी आपल्या बोर्डाच्या पुस्तकावर असते. ८० टक्के बारावी, २० टक्के अकरावी, आणि अकरावीतलेही ठरलेलेच धडे. पेअर ऑफ लाइन्स, लॉजिक, प्लेन यांचे प्रश्न येतातच. माझा एक मित्र सीबीएसईचा होता. तो जेईईची तयारी करून आला आणि लॉजिकमध्ये ट्रुथ टेबल बघून म्हणाला, हे काय असतं? आता तर २०२४ पासून जेईईतूनही रीझनिंग, इंडक्शन, प्लेन काढलंय. म्हणजे जो फक्त जेईईचा अभ्यास करेल त्याला सीईटीसाठी हे धडे वेगळे करावे लागणार. फार नाहीत, महिन्या-दीड महिन्याचं काम.

चारमिनार_ते_सीताबर्डी
हैदराबादबद्दल मी बोलू शकतो. मूळ चंद्रपूरचा, वडिलांच्या नोकरीमुळे इंटरमीजिएट तिकडे केलं, आता नागपूरला नोकरी.

तिकडे अकरावी-बारावी म्हणजे इंटर फर्स्ट इयर, सेकंड इयर. एमपीसी म्हणजे मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री. मोठा फरक असा की दोन्ही वर्षांची परीक्षा बोर्ड घेतं आणि दोन्हीचे गुण मिळून एक हजारात निकाल लागतो. आपल्याकडे अकरावी म्हणजे कॉलेजची घरगुती परीक्षा, तिथे अकरावीच्या मार्चमध्येच घाम फुटतो.

त्या हजारात गणिताचे ३००. चार पेपर, प्रत्येकी ७५. पहिल्या वर्षी १-ए आणि १-बी, दुसऱ्या वर्षी २-ए आणि २-बी. महाराष्ट्रात सहाशेत गणित १००. नुसतं वजन बघा. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळूनही तिकडे गणिताएवढेच होतात.

आणि काय काय असतं! १-एमध्ये मॅट्रिसेस, व्हेक्टर्स, त्रिकोणमिती, वर हायपरबोलिक फंक्शन्स आणि प्रॉपर्टीज ऑफ ट्रँगल्स. १-बीमध्ये लोकस, अक्ष बदलणं, सरळ रेषा, पेअर ऑफ लाइन्स (ऑप्शन_सी, तुझी लाडकी), मग लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह. २-एमध्ये कॉम्प्लेक्स नंबर्स, डी मॉयव्हर, थिअरी ऑफ इक्वेशन्स, परम्युटेशन, प्रोबॅबिलिटी. २-बीमध्ये वर्तुळ, वर्तुळांच्या सिस्टिम, पॅराबोला-इलिप्स-हायपरबोला आणि इंटिग्रेशन. थिअरी ऑफ इक्वेशन्स आणि सिस्टिम ऑफ सर्कल्स हे नागपूरच्या माझ्या मित्रांनी कधी पाहिलंच नव्हतं. भूमितीवेडी मुलगी असेल तर १-बी आणि २-बी म्हणजे तिला मेजवानी.

पेपरची रचना वर्षानुवर्षं तीच. दोन गुणांचे दहा, चार गुणांचे सातांपैकी पाच, सात गुणांचे सातांपैकी पाच. कुठला मोठा प्रश्न कुठल्या धड्यातून येणार हे पोरं झोपेत सांगतात. सिद्धता पाठ असतात. १-बीतली 'एका बिंदूतून जाणाऱ्या रेषाजोडीतला कोन' मी आजही सांगू शकतो, विचारू नका फक्त.

गणितवाली_काकू
म्हणजे शेवटी तिथेही पाठांतरच ना? मग 'गणित कसं करतात ते कळेल' ते कुठे कळलं?

चारमिनार_ते_सीताबर्डी
काकू, बोर्डापुरतं पाठांतर, मान्य. पण त्यानंतर राज्याची सामाईक परीक्षा असते. पूर्वीची एमसेट, आता ईएपीसेट. १६० प्रश्न, तीन तास, त्यातले ८० गणिताचे. ८० प्रश्न तेवढ्या वेळात करायचे तर पाठांतर पुरत नाही, हात चालावा लागतो. तिथल्या पोरांचा आकडेमोडीचा वेग बघून मी पहिल्या महिन्यात घाबरलो होतो. तो वेग मला अजून कामाला येतो.

गणितवाली_काकू
वेग आणि समज एकच का? मी घरी शिकवण्या घेते. तिकडून आलेला एक मुलगा माझ्याकडे होता. इंटिग्रल माझ्यापेक्षा आधी सोडवायचा. 'हे क्षेत्रफळ का येतं' विचारलं की गप्प. आणि मंजिरीताई, तिथली निवासी कॉलेजं म्हणजे काय ते बहिणीला नीट विचारा. पहाटेपासून रात्रीपर्यंत स्टडी अवर, दर आठवड्याला परीक्षा, भिंतीवर रँक. सोळा वर्षांच्या मुलीला आईबापापासून दूर त्यात टाकायचं? २०१९ साली तिकडे निकालातच एवढा घोळ झाला की नापास झालेल्या सगळ्या मुलांचे पेपर सरकारला पुन्हा तपासून घ्यावे लागले. तेव्हा काही मुलांनी जीव दिला. तेव्हापासून तिकडचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो.

चारमिनार_ते_सीताबर्डी
ते खरं आहे, मी नाकारत नाही. मी डे स्कॉलर होतो, घरी जेवायला आई होती. हॉस्टेलवाल्या मित्रांचं वेगळं होतं. ताई, मावशीच्या घरी राहून शिकणार असेल तर वेगळा विचार करता येईल. हॉस्टेल असेल तर मीही नको म्हणेन.

जुना_मॅट्रिक
पोरांनो, तुम्ही शेजारचं राज्य शेजारचं राज्य करता, १९५६ पर्यंत छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. माझे वडील बालाघाटचे, मॅट्रिक झाले तेव्हा ना इकडचं बोर्ड ना तिकडचं. गणिताला अंकगणित, बीजगणित आणि भूमिती असे वेगवेगळे पेपर होते असं सांगायचे. पुढे राज्यं फुटली आणि आमच्याच घरात दोन पद्धती आल्या. माझा चुलतभाऊ एमपीत अकरावीची हायर सेकंडरी करून थेट तीन वर्षांच्या बीएस्सीला बसला. इथे महाराष्ट्रात १९७५ ला दहावीची नवी परीक्षा आली, मग दोन वर्षांनी बारावी. तो नेहमी म्हणायचा, तुमची बारावी म्हणजे एक वर्ष फुकट. मी म्हणायचो, तुझं कॅल्क्युलस कच्चं. दोघंही सरकारी नोकरीत लागलो आणि कॅल्क्युलस दोघांनाही लागलं नाही.

बे_एके_बे
आजोबा 🙏 धागा इथेच बंद करा.

जिवतीचा
विषयांतर होतंय पण सांगतो. आमच्या जिवती तालुक्यात चौदा गावं अशी आहेत की महाराष्ट्रही आपली म्हणतो आणि तेलंगणाही. दोन्हीकडचं मतदान कार्ड, दोन्हीकडचं राशन, आणि शाळाही दोन. एक मराठी, एक तेलुगू. एकाच घरातला थोरला मराठी शाळेत आणि धाकटा तेलुगू शाळेत, असं पाहिलंय मी. तिथल्या बापाला विचारा कुठल्या राज्याचं गणित चांगलं. तो म्हणेल, ज्या शाळेत मास्तर रोज येतो त्याचं.

भिलाईची_सून
छत्तीसगडचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी. माहेर नागपूर, सासर भिलाई. पुस्तकं तिथेही एनसीईआरटीचीच. इंजिनिअरिंगला व्यापम (राज्याचं परीक्षा मंडळ) पीईटी ही प्रवेश परीक्षा घेतं. २०२४ पासून बोर्डाने वर्षातून दोनदा परीक्षा सुरू केली, पहिल्या वेळी गुण कमी पडले तर दुसऱ्यांदा देता येते. भिलाईत स्टील प्लांटमुळे जेईईचं वारं आधीपासूनच होतं, आता तर गावातच आयआयटी आहे. माझ्या जावेच्या मुलाने तिथूनच सगळं केलं. गणित आमच्या नागपूरच्या भाच्यापेक्षा चांगलं आहे त्याचं. पण त्याला कारण बोर्ड नाही, त्याचे आजोबा आहेत. प्लांटमध्ये इंजिनिअर होते, रोज संध्याकाळी घेऊन बसायचे.

मंजिरी_रेशीमबाग
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. हैदराबाद मी मनातून काढलं, काकूंचं वाचून आणि चारमिनार यांचंही वाचून. बहिणीला राग येईल, बघू.

छिंदवाड्याला गेलो तर केंद्रीय विद्यालयात प्रवेश मिळेल असं ह्यांच्या ऑफिसात म्हणतात. म्हणजे सीबीएसई. काका म्हणतात तसं पुस्तक हलकं आहे, वर जेईईला तेच पुस्तक. मग छिंदवाडाच बरं नाही का? कुटुंब एकत्र राहील.

समुपदेशन_करून_थकलेला_बाबा
मंजिरीताई, थांबा. सगळे गणितावर बोलत राहिले, कामाची गोष्ट कोणी सांगितलीच नाही. दोन मुलांची इंजिनिअरिंगची प्रवेशप्रक्रिया केली आहे म्हणून सांगतो.

एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांत, अर्ध्या जागा होम स्टेटच्या असतात. होम स्टेट म्हणजे तुमचं डोमिसाइल (रहिवासी दाखल्याचं राज्य) नव्हे. ज्या राज्यातून बारावी पास झाला ते राज्य. मुलगी छिंदवाड्याहून बारावी झाली की तिचं होम स्टेट मध्य प्रदेश आणि तिची एनआयटी भोपाळची. नागपूरची व्हीएनआयटी तिच्यासाठी बाहेरच्या राज्याची होणार, रेशीमबागेतून चालत जाता येत असली तरी. छत्तीसगडातून केली तर रायपूर, तेलंगणातून केली तर वरंगल.

सौंसरवाला
पण भाऊ, केंद्रीय विद्यालय म्हणजे सीबीएसई ना, एमपी बोर्ड नाही. मग?

समुपदेशन_करून_थकलेला_बाबा
बोर्ड बघत नाहीत, शाळा कुठल्या राज्यात आहे ते बघतात. छिंदवाड्यातली सीबीएसई शाळा म्हणजे मध्य प्रदेशच.

गणितवाली_काकू
आणि महाराष्ट्राची सीईटी? त्यात तर डोमिसाइल चालतं ना?

समुपदेशन_करून_थकलेला_बाबा
काकू, तिथे उलट आहे, म्हणून लोक गोंधळतात. सीईटीच्या प्रवेशात दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि डोमिसाइल किंवा जन्म इथला असेल तर टाइप ए. बारावी बाहेरची असली तरी मुलीचं किंवा आईवडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल प्रमाणपत्र असेल तर टाइप बी, म्हणजे महाराष्ट्राचीच उमेदवार. तेव्हा छिंदवाड्याला गेली तरी इथल्या राज्याच्या जागा जात नाहीत, व्हीएनआयटीची होम स्टेट जागा मात्र जाते. एक आठवण करून देतो, मेडिकलला हा नियम नाही. एमबीबीएसच्या राज्य कोट्याला दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. मुलगी उद्या बायोकडे वळणार नाही याची खात्री असेल तरच हलवा.

इंटीग्रल_काका
बाबांनी फार मोलाचं सांगितलं. त्याला जोडून एक. एनआयटीला जेईईच्या रँकसोबत बारावीत ७५ टक्के किंवा आपापल्या बोर्डातले वरचे २० पर्सेंटाइल लागतात. म्हणजे बोर्डाकडे अगदीच दुर्लक्ष करून चालत नाही, टायअप असो की नसो.

दुसरं, मध्येच बदली परत नागपूरला झाली तर? अकरावी तिथे आणि बारावी इथे, असं दोन बोर्डांत तुकडे करू नका. आपल्या बारावीला बसायचं तर अकरावीतला पेअर ऑफ लाइन्सचा पाया, म्हणजे सरळ रेषा आणि वर्तुळ, आपल्या पुस्तकाप्रमाणे झालेला हवा. शिवाय टीसी, मायग्रेशन, विषयांची जुळवाजुळव, ही कागदपत्रांची धावपळ बारावीच्या वर्षात कोणालाच परवडत नाही.

भिलाईची_सून
आमच्याकडे एकाने तेच केलं होतं. कागद येईपर्यंत युनिट टेस्ट होऊन गेली.

ऑप्शन_सी
ताई, तिला व्हीएनआयटी खरंच मिळण्यासारखी आहे का ते आधी बघा ना. उगाच होम स्टेट होम स्टेट करायचं आणि जेईईत पर्सेंटाइल यायचाच नाही. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी सगळेच व्हीएनआयटीला जाणार होते.

गणितवाली_काकू
अरे, दहावीच्या मुलीला आत्ताच कसं कळणार? दार उघडं ठेवणं महत्त्वाचं. आजी आहे, घर आहे, नागपूर आहे. मी तर इथेच ठेवेन.

सौंसरवाला
आणि मी म्हणेन घेऊन जा. सतरा वर्षांची मुलगी आईशिवाय दोन वर्षं, तीही जेईईच्या, त्याचा हिशोब कुठल्या कोट्यात बसतो? भोपाळची एनआयटीही काही वाईट नाही.

मंजिरी_रेशीमबाग
काल रात्री हा सगळा धागा मुलीला वाचायला दिला. तिने पहिले दहा-बारा प्रतिसाद वाचले आणि विचारलं, "थिअरी ऑफ इक्वेशन्स म्हणजे काय, मला ते शिकायचंय." व्हीएनआयटीबद्दल काहीच बोलली नाही.

बहुतेक नागपूरच. हे शनिवार-रविवार येऊन-जाऊन करतील, मी महिन्यातून काही दिवस तिकडे. टायअप नको असं दोघांचंही मत आहे. आता प्रश्न असा की बायफोकल घ्यावं का? इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स, २०० गुणांचं. एक भाषा आणि बायो दोन्ही सुटतात म्हणे.

इंटीग्रल_काका
थिअरी ऑफ इक्वेशन्ससाठी तिला सांगा, आपलं अकरावीचं कॉम्प्लेक्स नंबर्स आधी नीट कर. मग मुळं आणि सहगुणक यांचा संबंध वर्गसमीकरणात बघ, तोच घनसमीकरणात लाव. अडलं तर इथे विचार म्हणावं.

ऑप्शन_सी
बायफोकल घ्या, बिनधास्त. कॉम्प्युटर सायन्स चांगलं गुण देतं. पण जागा कमी असतात, गुणवत्ता यादी वेगळी लागते, फॉर्म भरताना लक्ष ठेवा. आणि बायो सुटतं म्हणजे नंतर 'नीट'चा (मेडिकलच्या परीक्षेचा) विचार आला तर रडायचं नाही.

समुपदेशन_करून_थकलेला_बाबा
डोमिसाइलचा अर्ज आत्ताच टाकून ठेवा. सीईटीच्या वेळी सेतू केंद्रासमोर ज्या रांगा लागतात, त्यात मी दोन्ही वेळा उभा होतो.

बे_एके_बे
माह्या पोट्ट्याचे बारावीचे गणिताचे दोन्ही भाग पडून हायत, पुढच्या वर्षी लागले तं घेऊन जा ताई. पेन्सिलनं लिहिलेलं हाय, खोडून घ्या. मानेवाड्याले राहतो, मेसेज टाका.

चारमिनार_ते_सीताबर्डी
माझ्याकडे २-ए आहे. जुनं आहे, पण समीकरणांचा धडा शाबूत आहे. तिला पाहिजे असेल तर पोहोचवतो.